खांद्याच्या हाडातली सिस्ट : भोक हाडाला, बिघाड कंडरेत

खांद्याचा एमआरआय रिपोर्ट हाती आला की बहुतेक जण शेवटच्या चार ओळी वाचतात. त्यात 'सिस्ट' शब्द दिसला की पुढचं काही वाचवत नाही. या अंकासाठी आलेल्या पत्रांत ही भीती इतक्यांनी मांडली आहे की सगळी पत्रं एकत्रच घेतली. नावं वगळली आहेत, पत्रं आटोपशीर केली आहेत. उत्तरं अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत.

वय ५७, निवृत्त शिक्षिका, सातारा : उजवा खांदा आठ महिन्यांपासून दुखतोय. वरच्या फळीवरचा डबा काढताना आणि रात्री त्या कुशीवर झोपले की कळ येते. एमआरआयमध्ये लिहिलंय, 'ग्रेटर ट्युबरॉसिटीच्या पुढच्या भागात अनेक सबकॉर्टिकल सिस्ट, सर्वांत मोठी ६ मिमी. सुप्रास्पायनेटसमध्ये सांध्याच्या बाजूने ५ मिमी पार्शल टेअर.' हाड पोखरलं जातंय का? कॅन्सर तर नाही?

तुमच्या रिपोर्टमधल्या वर्णनात कॅन्सरकडे बोट दाखवणारं काहीही नाही. पन्नाशीनंतर दुखऱ्या खांद्याच्या एमआरआयमध्ये अशा लहान सिस्ट, म्हणजे हाडाच्या कवचाखालच्या पोकळ्या, वरचेवर दिसतात.

दंडाच्या हाडाचा वरचा टोकाचा भाग म्हणजे खांद्याचा गोळा. या गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा एक उंचवटा असतो, तीच ग्रेटर ट्युबरॉसिटी. पुढच्या अंगाला एक लहान उंचवटा असतो, ती लेसर ट्युबरॉसिटी. खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे टेंडन, या दोन उंचवट्यांवर येऊन रुजतात. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर मोठ्या उंचवट्यावर, तर सबस्कॅप्युलॅरिस लहान उंचवट्यावर. चौघांचं मिळून जे वेष्टन तयार होतं, त्याला रोटेटर कफ म्हणतात.

कंडरा हाडाला नुसती चिकटलेली नसते. आधी कंडरा, मग तंतुमय मऊ कूर्चा, मग क्षार भरलेली कडक कूर्चा आणि शेवटी हाड, असे चार थर एकमेकांत मिसळत जातात. त्यामुळे ओढ एका जागी न एकवटता पसरते. वयानुसार आणि वर्षानुवर्षांच्या कामाने हे थर झिजतात. मग दोन गोष्टी घडतात. कंडरेचे धागे सुटले की हाडाच्या त्या भागावरची नेहमीची ओढ बदलते, बारीक चिरा पडतात आणि तिथलं हाड शरीर स्वतःच शोषून घेतं. दुसरं, सांध्याच्या बाजूने फाट असेल तर सांध्यातलं द्रव दाबाने त्या चिरांत शिरतं. अशी झालेली पोकळी द्रवाने किंवा तंतुमय पेशीजालाने भरते. या पोकळीला खरं अस्तरही नसतं. ती हाड खात पुढे सरकणारी गाठ नव्हे.

म्हणून सिस्ट किती मोठी आहे यापेक्षा ती नेमकी कुठे आहे, याकडे आम्ही आधी पाहतो. मोठ्या उंचवट्याच्या पुढच्या भागात, सुप्रास्पायनेटस रुजते तिथे सिस्ट असेल तर त्या कंडरेत बिघाड असण्याची शक्यता बरीच वाढते. लहान उंचवट्यात असेल तर सबस्कॅप्युलॅरिस नीट तपासावी लागते. ही कंडरा रिपोर्टमध्ये सहज निसटते, आणि तिच्या शेजारून जाणारी बायसेप्सची कंडराही दोन उंचवट्यांमधल्या तिच्या खाचेतून सरकलेली असू शकते. उलट बाजू मात्र खरी नाही. सिस्ट दिसली नाही म्हणजे कंडरा शाबूत आहे, असं समजू नये. कंडरा पूर्ण फाटलेली, तरी हाडात एकही सिस्ट नाही, असे खांदे पुष्कळ असतात.

तुमच्या रिपोर्टमधल्या पार्शल टेअरचा, म्हणजे अर्धवट फाटीचा, '५ मिमी' हा आकडा खोलीचा आहे की रुंदीचा, हे रेडिओलॉजिस्टना विचारून घ्या. सुप्रास्पायनेटस रुजते ती जागा आतून बाहेर साधारण १२ मिमी असते. ३ मिमीपेक्षा कमी खोल फाट पहिल्या श्रेणीची, ३ ते ६ मिमी दुसऱ्या, त्याहून जास्त तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे निम्म्याहून अधिक. ५ मिमी खोली असेल तर निम्म्याहून अधिक कंडरा अजून जागेवर आहे. अशा वेळी पहिला उपचार व्यायामाचा, आणि तो पूर्ण तीन महिने. व्यायाम कसा करायचा ते पुढे एका पत्राच्या उत्तरात दिलं आहे.

वय ३४, पुणे, क्लब क्रिकेटमध्ये मध्यमगती गोलंदाजी करतो. जिममध्ये खांदा लचकला म्हणून एमआरआय केला. 'गोळ्याच्या मागच्या-वरच्या भागात, इन्फ्रास्पायनेटसजवळ ४ मिमी सिस्ट, कफ शाबूत.' सहा महिने खेळ बंद ठेवायला सांगितलंय.

गोळ्याच्या मागच्या बाजूला, सांध्याची कूर्चा संपते आणि इन्फ्रास्पायनेटसची कंडरा सुरू होते यांच्या मध्ये हाडाचा एक उघडा पट्टा असतो. इथे रक्तवाहिन्या आत शिरण्याची छिद्रं असतात आणि सांध्याचं अस्तरही हाडात थोडं शिरतं. या जागेवरच्या लहान सिस्ट काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसतात, तरुणांतही दिसतात. वयाशी किंवा कफच्या फाटीशी त्यांचा म्हणावा तसा संबंध आढळत नाही. बाकी सगळं शाबूत असेल तर केवळ या सिस्टसाठी सहा महिने खेळ थांबवण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

मात्र तुम्ही हात डोक्यावरून जोरात फिरवणारे खेळाडू आहात, म्हणून एक अपवाद तपासून घ्या. चेंडू टाकण्यापूर्वी हात मागे खेचलेल्या स्थितीत कंडरेची आतली बाजू खोबणीच्या, म्हणजे गोळा ज्यात बसतो त्या पात्याच्या हाडातल्या वाटीच्या, मागच्या कडेवर चेपली जाते. वर्षानुवर्षं असं झालं तर नेमकी याच भागात सिस्ट, कंडरेच्या आतल्या बाजूला चीर आणि लॅब्रमला, म्हणजे खोबणीच्या कूर्चेच्या कडेला, इजा असा त्रिकूट दिसतो. दुखणं खांद्याच्या मागे, खोलवर आणि हात मागे नेल्यावरच होत असेल तर ही शक्यता धरावी. उताणं झोपून, कोपर ९० अंशांत वाकवून, दंड बाजूला काढून हात आतल्या बाजूला किती वळतो ते दोन्ही बाजूंना पाहा. गोलंदाजीच्या खांद्यात बाहेरचं वळण जास्त आणि आतलं थोडं कमी असणं स्वाभाविक आहे. पण दोन्ही वळणांची बेरीजही दुसऱ्या हातापेक्षा कमी भरली तर मागचं आवरण आखडलं आहे. ते सैल करण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

वय ४९, नाशिक : साध्या एक्स-रेत खांद्याच्या हाडात 'लिटिक एरिया' लिहिलंय. दुखतं फार थोडं. लगेच एमआरआय करू का?

'लिटिक एरिया' म्हणजे एक्स-रेत हाड विरळ दिसणारा भाग. मोठ्या उंचवट्यातलं हाड मुळातच विरळ जाळीचं असतं. खांदा दुखू लागला आणि हात कमी वापरला गेला की ते आणखी विरळ दिसतं, आणि एक्स-रेत गोल काळसर ठिपका उमटतो. ही खरी सिस्ट नसते. अशा भासमान सिस्टवरून माणसं थेट बायोप्सीपर्यंत पोचतात, तेव्हा वाईट वाटतं.

आधी एक्स-रे नीट काढून घ्या : खांद्याच्या खोबणीला समोरून घेतलेला, हात बाहेर वळवून एक, आत वळवून एक, आणि काखेतून एक. हात बाहेर वळवला की मोठा उंचवटा बाजूने स्पष्ट दिसतो. ठिपक्याची कड स्पष्ट आणि पातळ पांढरी असेल, हाडाचं वरचं कवच अखंड असेल, तर घाई नाही. कफचीच शंका असेल तर अनुभवी हाताने केलेली सोनोग्राफी स्वस्तात बरंच सांगते. उंचवट्याचा पृष्ठभाग खडबडीत दिसणं हे सुप्रास्पायनेटसच्या फाटीचं भरवशाचं चिन्ह आहे. पण सोनोग्राफीला हाडाच्या आतलं दिसत नाही. कड पुसट असेल, कवच तुटलेलं असेल किंवा रात्री दुखत असेल, तर एमआरआय लगेच करा.

वय ५२, ठाणे : 'फ्रोजन शोल्डर' म्हणून चार महिने शेक आणि पुली चालू आहे, फरक नाही. आता एमआरआयमध्ये कफची अर्धवट फाट आणि सिस्ट निघाल्या. कोणता व्यायाम, किती करायचा?

आधी हे खरंच फ्रोजन शोल्डर आहे का ते पाहा. कोपर अंगाला टेकवून ९० अंशांत वाकवा आणि घरच्या कुणाला तुमचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. दुसऱ्या हाताइतका फिरला तर सांधा आखडलेला नाही. स्वतः उचलताना दुखतं, दुसऱ्याने उचलला तर जातो, हे कफच्या दुखण्याचं लक्षण आहे. दोघांनाही फिरत नसेल तर सांधा आखडलेला आहे आणि आधी तो मोकळा करावा लागतो. मधुमेह असेल तर दोन्ही दुखणी एकत्रही असू शकतात.

सांधा मोकळा आहे असं धरून सांगतो.

पहिले दोन-तीन आठवडे कळ शांत करण्याचे. टेबलावर चांगला हात टेकून पुढे वाका, दुखरा हात सैल सोडा आणि शरीराच्या हेलकाव्याने तो एक-दोन मिनिटं झुलू द्या, दिवसातून तीनदा. दुखऱ्या हाताची ताकद लावून तो फिरवायचा नाही. मग कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये घडी घातलेला टॉवेल धरा, मनगटाची मागची बाजू दाराच्या चौकटीला लावा आणि साधारण तिसरा हिस्सा ताकद लावून बाहेर दाबा. १० सेकंद दाबून ठेवा, १० वेळा. तसंच तळहात चौकटीला लावून आतल्या बाजूला. झोपताना दुखऱ्या कुशीवर झोपू नका, आणि उताणं झोपलात तर दंडाखाली चपटी उशी घ्या, म्हणजे कोपर पाठीमागे पडत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून ताकदीचा व्यायाम, एक दिवसाआड. चांगल्या कुशीवर झोपून, दुखऱ्या हाताचं कोपर टॉवेलवर टेकवून पंजा छताकडे न्या. हातात आधी काहीच नाही, मग अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे अर्धा किलो. १० ते १२ वेळा, असे तीन फेरे. दाराला बांधलेल्या रबरी पट्ट्याने वल्हं मारल्यासारखं मागे खेचणं, खांद्याची पाती मागे आवळून, तेवढेच. भिंतीवर हात टेकवून जोर, शेवटी पाठ थोडी आणखी ढकलत. सहाव्या आठवड्यापासून हात सरळ बाजूला न नेता ३० अंश पुढे आणून, अंगठा वर ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला.

व्यायाम करताना वेदना दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ती मूळच्या पातळीवर आली पाहिजे. आली नाही तर वजन कमी करा, व्यायाम बंद करू नका.

काय बिघडतं तेही सांगतो, कारण 'व्यायामाने काही झालं नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांचं यातलंच काहीतरी चुकलेलं असतं. हात उचलताना खांदा कानाकडे जातो, म्हणजे मानेचा स्नायू काम करतो आणि कफ बसून राहते. बाहेर फिरवताना कोपर अंगापासून सुटतं. अंगठा खाली करून हात उचलला जातो. तो तपासणीचा प्रकार आहे, रोजचा व्यायाम नव्हे. पुलीने हात झटके देऊन डोक्यावर ओढला जातो, आणि तुमचे चार महिने बहुधा यातच गेले असावेत. शिवाय दोन आठवड्यांत आराम पडला नाही म्हणून सगळंच सोडून दिलं जातं. कंडरेला बदलायला बारा आठवडे लागतात.

पूर्ण फाटलेल्या कंडरेतही व्यायाम वाया जात नाही. मार न लागता झालेल्या पूर्ण फाटीवर अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आधी व्यायाम दिलेल्या रुग्णांपैकी दोन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्श्यानेच शस्त्रक्रिया करून घेतली. पण पडल्यावर किंवा जड वस्तू झेलल्यावर अचानक हात उचलेनासा झाला असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे व्यायामात तीन महिने घालवू नका, दोन-तीन आठवड्यांत खांद्याच्या सर्जनला दाखवा. फाटलेली कंडरा मागे सरकते, स्नायूत चरबी भरते आणि मग शिवणं अवघड होतं.

सिस्ट भरून यावी म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू केलंय. एकाने खांद्यात इंजेक्शन सुचवलं, दुसऱ्याने मालिश. (सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव येथून आलेली तीन पत्रं)

ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर घ्या, हाडासाठी ते हवंच. पण कंडरेलगतची पोकळी त्याने भरत नाही. ती भरली पाहिजे असंही नाही. कळ सिस्टमधून येत नसते, ती कंडरेतून आणि तिच्या वरच्या द्रवाच्या पिशवीतून येते.

स्टेरॉइडचं इंजेक्शन, बहुधा ट्रायमसिनोलोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ, त्या पिशवीत दिलं तर काही आठवडे आराम देतं. रात्रीची झोप लागत नसेल आणि व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर एक घ्यायला हरकत नाही. वर्षात दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. वारंवारच्या इंजेक्शनांनी कंडरा कमजोर होते आणि पुढे शिवलेली कंडरा सुटण्याचा धोका वाढतो. इंजेक्शननंतर महिन्याभरात शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, म्हणून शस्त्रक्रिया ठरत असेल तर इंजेक्शनची तारीख सर्जनना सांगा. मधुमेहींनी नंतर आठवडाभर साखर रोज तपासावी.

मालिशने मानेचे आवळलेले स्नायू सैल होतील. पण हात मुरगाळून 'सांधा बसवणाऱ्या'कडे फाटलेल्या कंडरेचा माणूस नेऊ नका. अर्धवट फाट पूर्ण होऊ शकते.

बेळगावच्या पत्रात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. रिपोर्टमध्ये 'कॅल्सिफिक टेंडिनायटिस' आहे, म्हणजे कंडरेत क्षारांचा साठा झालेला आहे. ही सिस्ट नव्हे, आणि आहारातल्या कॅल्शियमने ती होतही नाही. साठा विरघळू लागतो तेव्हा काही दिवस कळ असह्य होते, आणि क्वचित तो लगतच्या हाडात उतरून सिस्टसारखा दिसतो. एक्स-रे आणि एमआरआय शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो : क्षार दोन्हींत उमटतो, एक्स-रेत पांढरा, एमआरआयमध्ये काळा. सिस्ट एमआरआयच्या टी-२ चित्रात पांढरी चमकते.

वय ६३, शेतकरी, बार्शी. मधुमेह आहे. सुप्रास्पायनेटस पूर्ण तुटली आहे, २.५ सेंमी, आणि खाली १२ मिमीची सिस्ट. दुर्बिणीतून कंडरा शिवताना कमरेच्या हाडाचा चुरा भरावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. हे गरजेचं आहे का?

इथे सिस्टचं महत्त्व खरोखर वाढतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं हे चांगलं केलं. कंडरा हाडाला बांधण्यासाठी हाडात अँकर बसवतात, धागा ओवलेला छोटा स्क्रू किंवा खुंटी. भुसभुशीत भिंतीत ठोकलेली खुंटी जशी पहिल्याच वजनाला बाहेर येते, तसं पोकळीत बसवलेल्या अँकरचं होतं. धागा पक्का, गाठ पक्की आणि तरी अँकरच उपटून येतो.

शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय करतात? जिथे कंडरा रुजवायची ती जागा दुर्बिणीतून साफ करतात आणि टोकदार सळईने चाचपतात. हाड कुठे आत दबतं ते तिथेच कळतं. बऱ्याचदा एमआरआयपेक्षा हाच हाताचा अंदाज खरा ठरतो. ४-५ मिमीपर्यंतच्या सिस्टला सहसा काही करावं लागत नाही. ती खरवडून अँकर शेजारच्या घट्ट हाडात बसवतात. सांध्याच्या कूर्चेलगतचं हाड बाहेरच्या भागापेक्षा दाट असतं, म्हणून आतली ओळ तिथे, आणि बाहेरची ओळ उंचवट्याच्या खाली, जिथे कवच चांगलं आहे तिथे. जाड अँकर वापरणं हा दुसरा पर्याय. तुमच्यासारखी १२ मिमीची सिस्ट रुजवण्याच्या जागेचा बराच भाग व्यापते, त्यामुळे ती उघडून, आतलं मऊ पेशीजाल खरवडून, पोकळीत हाडाचा चुरा ठासून भरतात. चुरा कमरेच्या हाडाचा, दात्याचा किंवा कृत्रिम क्षारांचाही चालतो. कमरेच्या हाडाचा लवकर जुळतो, पण तिथली जखम काही आठवडे दुखते. मग अँकर त्याच बैठकीत बसवायचे, की भरलेलं हाड पक्कं होईपर्यंत तीन-चार महिने थांबून दुसऱ्या वेळी, हे सर्जन आत पाहूनच ठरवतात. बहुतेकदा एकाच वेळी जमतं. अँकर न वापरता हाडात बोगदे पाडून धागे आरपार बांधण्याची जुनी पद्धतही अशा वेळी कामाला येते.

आमच्या मते तुमच्या बाबतीत चुऱ्यापेक्षा दोन प्रश्न जास्त मोलाचे आहेत. पहिला, स्नायूत चरबी किती भरली आहे. रिपोर्टमध्ये 'गुटालिए ग्रेड' ० ते ४ लिहिलेली असते. २ म्हणजे चरबी आहे पण स्नायू जास्त, ३ म्हणजे दोन्ही सारखे, ४ म्हणजे चरबीच जास्त. ३ किंवा ४ असेल तर शिवलेली कंडरा जुळण्याची आशा बरीच कमी होते, आणि मग शस्त्रक्रियेचाच पुन्हा विचार करावा. दुसरा, साखर. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ७ ते ८ च्या आत आणून मगच तारीख घ्या. तंबाखू आणि विडी किमान महिनाभर आधी बंद, आणि नंतर तीन महिने बंदच.

नंतरचा हिशेब आधीच मांडा, कारण शेतीचा हंगाम त्यात सापडतो. ४ ते ६ आठवडे हात झोळीत, काखेत उशी. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. सहाव्या आठवड्यापासून स्वतःच्या ताकदीने हात उचलणं, बाराव्यापासून वजन. पाण्याची घागर, फवारणीचा पंप, कोळपं हे सहा महिन्यांपूर्वी नको. टाके सुटतात ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. कळ गेली की माणूस कामाला लागतो, आणि कंडरा त्या वेळी अजून नीट जुळलेली नसते.

कफच्या शस्त्रक्रियेला वर्ष झालं. हात छान चालतो, पण तपासणीच्या एमआरआयमध्ये 'अँकरभोवती सिस्ट' लिहिलंय. (वय ६०, पणजी)

हाडात विरघळणाऱ्या अँकरभोवती अशी द्रवाची पोकळी बऱ्याचदा होते आणि काही वर्षांत तिचा बराचसा भाग भरतो. कंडरा जुळलेली असेल, ताकद असेल आणि दुखत नसेल तर काही करू नका. पोकळी वाढत असेल, अँकर सुटून सांध्यात आला असेल किंवा लाली, ताप, स्राव असेल, तरच पुन्हा उघडण्याचा विचार.

वय ४१, नांदेड : खांदा पाच महिने दुखतोय, रात्री कोणत्याच कुशीवर चैन नाही. दंडाचा वरचा भाग वाळलाय, वजन ६ किलो उतरलंय. एमआरआयमध्ये गोळ्यात आणि खोबणीतही सिस्ट आहेत. दोन इंजेक्शनं झाली, तिसरं घेऊ का?

घेऊ नका, आणि या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना पुन्हा दाखवा.

कफशी जोडलेल्या सिस्ट उंचवट्यांवर असतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना, गोळ्यातही आणि खोबणीतही पोकळ्या असतील तर दुखणं सांध्याचं आहे. झीज, संधिवात किंवा जंतुसंसर्ग. आपल्याकडे खांद्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. त्याचा एक कोरडा प्रकार असतो : सूज फारशी नाही, पू नाही, ताप असेलच असं नाही, पण सांधा आखडतो, दंडाचा स्नायू झपाट्याने वाळतो आणि हाडात सिस्टसारखे खड्डे पडतात. फ्रोजन शोल्डर समजून त्यात स्टेरॉइड दिलं गेलं तर रोग आणखी पसरतो.

तपासण्या अशा : ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, साखर, छातीचा एक्स-रे, काँट्रास्ट देऊन एमआरआय आणि मग सांध्याच्या अस्तराची बायोप्सी. तुकड्याचे भाग करून पेशीतपासणी, कल्चर आणि सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय तपासणी) तिन्हींना पाठवायला सांगा. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कल्चर करता येत नाही, आणि ही चूक होते. क्षयरोग निघाला तर औषधं शासकीय केंद्रात मोफत मिळतात. हाडासांध्यांसाठी ती साधारण १२ महिने, गरजेप्रमाणे १८ पर्यंत चालतात. वेळेत सुरू केली तर खांदा वाचतो.

गाठीची शक्यताही याच तपासण्यांतून निकाली निघते. किशोरवयात हाडाच्या टोकाच्या गोळ्यात होणारी एक गाठ, काँड्रोब्लास्टोमा, सिस्टसारखीच दिसते. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३१ मध्ये खांद्यातल्या या गाठीचं वर्णन केलं. फाटलेली कफ शिवण्याचं सुरुवातीचं कामही त्यांचंच, आणि वर सांगितलेला हात झुलवण्याचा व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखतात.

मुलगा ९ वर्षांचा. चेंडू फेकताना दंड मोडला, एक्स-रेत 'सिंपल बोन सिस्ट'. हाही कंडरेचाच दोष का? (जळगाव)

नाही, हा पूर्ण वेगळा आजार आहे. वाढत्या वयातल्या मुलांत, मुलग्यांत जास्त, दंडाच्या हाडाच्या वरच्या भागात वाढीच्या पट्टीखाली द्रव भरलेली मोठी पोकळी होते. ती कॅन्सर नाही. कवच पातळ झाल्याने साध्या झटक्यात हाड मोडतं आणि तेव्हाच ती कळते. कवचाचा तुकडा पोकळीच्या तळाशी पडलेला दिसला की निदान जवळजवळ पक्कं होतं.

मोडलेलं हाड झोळीत ३ ते ६ आठवड्यांत जुळतं. हाड जुळताना सिस्टही भरून येते, असं थोड्याच मुलांत होतं. म्हणून नंतर दर तीन महिन्यांनी एक्स-रे हवा. कवच पातळच राहिलं तर पोकळीत स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. ही पद्धत १९७० च्या दशकात इटलीत सुरू झाली. ती एकाहून अधिक वेळा द्यावी लागतात. नाहीतर पोकळी खरवडून हाडाचा चुरा भरतात, कधी लवचीक सळया घालतात. सिस्ट वाढीच्या पट्टीला चिकटलेली असेल तर खरवडताना पट्टीला इजा होऊन हात आखूड राहू शकतो, म्हणून तिथे घाई करत नाहीत. सिस्ट बरी होईपर्यंत कुस्ती, कबड्डी आणि झाडावर चढणं बंद. शाळेत हे लेखी कळवा.

'स्पायनोग्लेनॉइड नॉचमध्ये १८ मिमी सिस्ट' असं माझ्या रिपोर्टमध्ये आहे. दुखणं पाठीच्या पात्यामागे आहे आणि हात बाहेर फिरवायला ताकदच नाही. (वय ३८, मुंबई)

ही हाडातली नव्हे, हाडाशेजारची सिस्ट आहे. खोबणीच्या कडेची कूर्चा फाटते, तिथून द्रव बाहेर झिरपून गाठ होते आणि ती पात्याच्या खाचेतून जाणाऱ्या सुप्रास्कॅप्युलर नसेवर दाब देते. खाच खालची असेल तर फक्त इन्फ्रास्पायनेटस वाळतो, वरची असेल तर सुप्रास्पायनेटसही. त्यामुळे कंडरा शाबूत असूनही कफ फाटल्यासारखी ताकद जाते, आणि वरवर पाहणाऱ्याला तो कफचाच रोग वाटतो.

ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नसांच्या विद्युत तपासणीने नसेला किती इजा झाली ते कळतं. ताकद चांगली असेल तर व्यायाम करत काही महिने पाहता येतं. सोनोग्राफीखाली सुईने द्रव काढलं तर लगेच हलकं वाटतं, पण कूर्चेची फाट तशीच राहिल्याने ते पुन्हा भरतं. तुमच्यासारखी ताकद गेलेली असेल तर दुर्बिणीतून कूर्चा शिवून नसेवरचा दाब काढणं बरं. स्नायू पूर्ण वाळून त्यात चरबी भरल्यावर शस्त्रक्रियेने कळ जाते, ताकद मात्र पूर्ण परत येत नाही. म्हणून ईएमजी याच महिन्यात करून घ्या.